‘खोटी कुस्ती’ म्हणणाऱ्या शहाण्यांस

अमेरिकेतली धंदेवाईक कुस्ती टीव्हीवर लागली आणि घरातली पोरे तिच्यापुढे मांडी ठोकून बसली, की मागच्या खुर्चीतून एक वाक्य हमखास येते : “अरे, हे सगळं खोटं असतं!” वाक्य म्हणणारे गृहस्थ बहुधा सुशिक्षित असतात. ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते पाहण्यासारखे असते. जणू सफरचंद न्यूटनच्या नव्हे, यांच्याच डोक्यावर पडले होते! पोरे मान वळवीत नाहीत. ते वाक्य त्यांनी दहा वेळा ऐकलेले असते. आणि त्यातली बातमी त्यांना पहिल्या वेळेपूर्वीच ठाऊक असते.

या वाक्याशी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दिवाळीतच घर भरते, तीन पिढ्या एका खोलीत बसतात आणि हे वाक्य सर्वांत जास्त वेळा कानी पडते. तेव्हा चकलीचा तुकडा मोडता मोडताच त्याचा निकाल लागलेला बरा.

पहिली गोष्ट ही, की कोणी जिंकायचे हे आधी ठरलेले असते, हे काही गुपित राहिलेले नाही. आज डब्ल्यूडब्ल्यूई या नावाने ओळखली जाणारी कंपनी तेव्हा वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन म्हणवीत असे. १९८९ साली तिच्याच माणसांनी न्यू जर्सी राज्याच्या सेनेटपुढे सांगून टाकले, की आमची कुस्ती ही स्पर्धा नव्हे, लोकांची करमणूक आहे. सत्याची उबळ आली म्हणून त्यांनी हे सांगितले असे समजू नका. खेळ म्हटला की सरकारी नियम आले. मल्लाला परवाना हवा, कुस्तीपूर्वी त्याची शारीरिक तपासणी हवी, प्रक्षेपणावर कर भरायला हवा. ‘हा खेळच नव्हे’ असे म्हटले की ही सारी कटकट सुटत होती. म्हणजे आमचे खुर्चीतले गृहस्थ ज्याला स्वतःचा शोध समजतात, ते वस्तुतः मालकाचे जुने निवेदन आहे. मालकाने ते पैसे वाचवण्यासाठी केले. आमचे गृहस्थ ते फुकट करतात, एवढाच काय तो फरक!

आता शौकिनाकडे वळू. त्याला मूर्ख ठरवण्याआधी आपल्याच घरातले दाखले आठवावेत. १९१९ साली गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला, तेव्हा सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. पदर सावरणारी ती सिंधू पुरुष आहे, हे समोर बसून डोळे पुसणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? सुधाकराच्या पेल्यात दारू नाही, हे कळण्याइतकी अक्कल त्यांना नव्हती काय? कोकणात दशावतारातला संकासुर दरवर्षी मारला जातो आणि दरवर्षी लोक रात्र जागवून ते पाहतात. तिथे कोणी उठून “हे ठरलेलं आहे!” असे ओरडला, तर गावकरी त्याला शहाणा म्हणणार नाहीत, घरी जाऊन झोप म्हणतील.

आणि ज्या आजोबांनी तरुणपणी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना गर्दी केली, त्यांनी तरी नातवाला हसू नये. १९६८ साली दारासिंगने मुंबईत लू थेझला हरवले, ही गोष्ट आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. थेझ हा त्याच अमेरिकन धंदेवाईक कुस्तीतला नामांकित मल्ल. तेव्हा घराणे एकच. फक्त तिकिटाची किंमत वाढली आहे.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांना पंडिताचाच दाखला लागतो. तोही आहे. रोलां बार्थ या फ्रेंच विद्वानाचा ‘मिथॉलॉजीज’ हा निबंधसंग्रह १९५७ साली निघाला, आणि त्यातला पहिलाच निबंध या कुस्तीवर आहे. ही स्पर्धा नव्हे, देखावा आहे, आणि निकाल ठरलेला आहे की नाही याची प्रेक्षकाला मुळीच फिकीर नसते, असे त्याने साफ सांगितले आहे. जे पॅरिसच्या पंडिताला कळले ते आमच्या पोरांना आपोआप कळते. अडचण फक्त मधल्यांची आहे.

शौकीन मग नेमके करतो तरी काय? तो न्याय करतो. दोन रात्रींची हकिगत सांगतो.

२६ जानेवारी २०१४, पिट्सबर्ग. ‘रॉयल रंबल’ नावाच्या झुंजीत तीस मल्ल एकामागून एक उतरतात; शेवटी जो उरेल त्याला ‘रेसलमेनिया’ या वर्षातल्या सर्वांत मोठ्या मेळाव्यात अजिंक्यपदासाठी लढायला मिळते. लोकांचा जीव डॅनियल ब्रायनवर होता. अंगाने तो इतर धिप्पाड गड्यांपुढे लहान, दाढी रानटी वाढलेली, पण डावपेचांत तरबेज. कंपनीच्या मनात मात्र दुसरेच होते. तिसावा मल्ल म्हणून ब्रायन येईल या आशेवर सभागृह उभे राहिले, आणि आला तो रे मिस्टेरिओ. मुखवटा घालणारा हा मल्ल पोराबाळांचा वर्षानुवर्षांचा लाडका. त्या रात्री लोकांनी त्याचीही हुर्यो उडवली. हा राग बिचाऱ्या मिस्टेरिओवर नव्हता. ज्याने कथा लिहिली त्याच्यावर होता. झुंज जिंकणाऱ्या बतिस्ताला तर शिव्याशापांच्या गजरातच विजय साजरा करावा लागला.

मालक मोठा, पण गल्ला त्याहून मोठा. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या रेसलमेनियात ब्रायनला एकाच रात्री दोन लढती मिळाल्या, दोन्ही तो जिंकला आणि अजिंक्यपद त्याच्या हाती आले. लोकांनी निकाल बदलून घेतला होता. सांगा, ज्याला फसवले जाते तो मूर्ख असा फसवणाऱ्याकडून हिशेब वसूल करतो काय?

त्याच रात्री, त्याच सभागृहात दुसरीही गोष्ट घडली. अंडरटेकर हा मल्ल १९९१ पासून रेसलमेनियात एकवीस वेळा लढला होता आणि एकवीस वेळा जिंकला होता. बाविसाव्या वेळी ब्रॉक लेस्नरने त्याला चीत केले. पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर आपटला आणि हजारोंचा तो समुदाय अवाक झाला. तोंडे उघडी, हात डोक्यावर. निकाल ठरलेला असतो हे ज्यांना पक्के ठाऊक, त्यांनाच हा धक्का बसला होता. एकवीस विजयांच्या खांबाला टेकून त्यांचे बालपण उभे होते, तो खांब त्यांच्यादेखत काढून घेतला गेला. माहीत असणे आणि मनाला लागणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. एरवी कोणीही कादंबरी वाचून रडले नसते, आणि माझ्यासारख्यांच्या चुली कधीच विझल्या असत्या.

असे दाखले आणखी आहेत. २००२ साली टोरोंटोत हल्क होगन खलनायक म्हणून उतरला आणि रॉक नायक म्हणून. लोकांनी होगनला इतके डोक्यावर घेतले, की दोघांनी लढता लढताच आपापली सोंगे बदलली. २०२४ साली कोडी ऱ्होड्सची हक्काची लढत त्याच रॉकच्या पदरात पडणार असे दिसू लागले. रॉक आता सिनेमाचा मोठा नट, शिवाय कंपनीच्या संचालक मंडळावर बसणारा. लोकांनी असा गिल्ला केला, की काही दिवसांत चित्र पालटले आणि ७ एप्रिलला फिलाडेल्फियात ऱ्होड्सच जिंकला. आपल्या किती सभांत, किती संस्थांत सामान्य माणसाचा शब्द संचालकाच्या शब्दाला असा भारी पडतो?

इथे लाल मातीचे कैवारी उठतील आणि म्हणतील, “खरी कुस्ती खासबागेत! हे काय थोतांड?” खासबागेबद्दल मला आदर आहे. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात हलगी घुमते आणि जोड हौद्यात उतरते, तेव्हा अंगावर काटा येतो. परंतु खरेपणाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांनी खऱ्या मल्लाचे काय केले, तेही सांगावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते वर्गणीच्या पैशांवर, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. शौकिनांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना घरी नेले. कारभाऱ्यांना मात्र त्यांची आठवण व्हायला फार वेळ लागला. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तेव्हा कुस्ती खरी असली म्हणजे मल्लाची कदर होतेच असे नाही. खऱ्याखोट्याचा वाद घालणारे लोक बहुतेक वेळा मल्लाकडे पाहतच नसतात.

माझे खरे भांडण आहे ते इथे. ‘खोटे’ हा शब्द जिवंत माणसाचे अंग नजरेआड करतो.

त्या रिंगणाची जमीन म्हणजे कापसाची गादी नव्हे. खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेले कापड. नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो पडण्याचा : हनुवटी छातीला टेकव, पाठ सपाट ठेव, मान सांभाळ. मारणाऱ्याचे सारे कौशल्य समोरच्याला कमीत कमी लागू देण्यात असते. म्हणजे जिंकणे ठरलेले, पण पडणे खरेच. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली सोळा फुटी पिंजऱ्याच्या माथ्यावरून खाली टेबलावर फेकला गेला. तो पुन्हा वर चढला, आणि माथ्याची जाळी तुटून पुन्हा आत कोसळला. त्याचा दात तुटला तो काही पटकथेतला नव्हता.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडायचे होते. दोरीची कडी सुटली, सुमारे ७८ फुटांवरून तो रिंगणात पडला आणि त्याचे प्राण गेले. कार्यक्रम पुढे चालूच राहिला. घरी बसलेल्या प्रेक्षकांना टीव्हीवरून ती बातमी सांगण्यात आली. ज्यांच्या डोळ्यांदेखत तो पडला, त्या सभागृहातल्या लोकांना त्या रात्री ती सांगितली गेली नाही.

आता १९८९ चे ते निवेदन पुन्हा आठवा. ‘खेळ नव्हे, करमणूक’ या शब्दांनी मल्लाची तपासणी टळत होती. आजही हे मल्ल कंपनीचे नोकर मानले जात नाहीत. कागदावर ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत, आणि त्यांची कामगार संघटना नाही. आज रात्री कोणाकडून हरायचे हे ज्यांना मालक सांगतो, ते म्हणे स्वतंत्र! मालकाला ‘खोटे’ हा शब्द का प्रिय, हे यावरून कळावे. आमचे खुर्चीतले गृहस्थ नकळत त्याचीच वकिली करीत असतात.

शिवाय हा शब्द घरातल्या मुलालाही घातक आहे. मी शाळामास्तर आहे. मधल्या सुट्टीत वर्गात काय चालते ते मला ठाऊक आहे. माझ्या पिढीने या मल्लांच्या ट्रम्प कार्डांवर उंची, वजन आणि दंडाची मापे पाठ केली. आजची पोरे त्यांचे डावच करून पाहतात. ‘हे खोटे आहे’ याचा मुलाच्या डोक्यात एकच अर्थ होतो : हे लागत नाही. मग बाकावरून मित्राच्या मानेवर उडी घ्यायला काय हरकत? तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगावे ते असे : “बाळ, जिंकणं ठरलेलं आहे, पण पडणं खरं आहे. ते पडायला शिकले आहेत, आणि तरीही त्यांची हाडे मोडतात. तू शिकलेला नाहीस.” एवढे सांगितले, तरी त्या बंदी घालण्याच्या गर्जनांपेक्षा अधिक काम होईल.

आणि शौकिनांनो, तुमच्याशीही दोन शब्द. तुमच्या घशात केवढे बळ आहे, ते पिट्सबर्गच्या त्या रात्रीने दाखवले आहे. अजिंक्यपद कोणाला मिळावे यासाठी तुम्ही ते वापरले. तेच बळ मल्लाच्या मानेसाठी आणि मणक्यासाठी का वापरू नये? डोक्यावर लोखंडी खुर्ची बसली, की पूर्वी सभागृह आनंदाने गर्जत असे. मेंदूच्या इजांची माहिती पुढे आली आणि २०१० साली कंपनीने तो प्रकार बंद केला. त्याने खेळाची गोडी उणी झाली काय? मुळीच नाही, न्यू ऑर्लिन्सची ती रात्र त्यानंतरचीच आहे. मग आणखी मागा. दुखऱ्या मल्लाला विश्रांती मागा, त्याच्या आजारपणाची तरतूद मागा, नोकराला नोकर म्हणा असे मागा. ज्याच्या पडण्यावर तुम्ही टाळ्या वाजवता, तो उद्या उठून चालू शकेल की नाही, हे विचारण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे. मालकाचा नव्हे आणि खुर्चीतल्या गृहस्थांचा तर नव्हेच.

त्या गृहस्थांना शेवटची विनंती. यंदा ते वाक्य जिभेवर आले, तर त्याऐवजी पोराला विचारा, “तो आत्ता पडला, त्याला कितपत लागलं असेल रे?” पोरगे लगेच मान वळवील आणि उत्तर देईल. ते तुमच्यापेक्षा अधिक माहितीचे असेल.