यादीत ‘अर्थ’ होता, अर्थ नव्हता

गेल्या दिवाळीत आमच्या बेल्लमपल्लीतल्या एका मराठी घरी फराळाला गेलो होतो. चकलीचा तुकडा मोडतो न मोडतो, तोच यजमानांनी मुलाला पुढे केले. “सर, याला सुट्टीचा अभ्यास आहे. ‘टीचर’ या शब्दातल्या अक्षरांतून होतील तितके इंग्रजी शब्द काढायचे. बघा, साठ काढलेत!”

वही पाहिली. हीट, रीच, चार्ट, हार्ट, अर्थ. ‘चीटर’ही होता. टीचरची सातही अक्षरे उलटसुलट केली की चीटर होतो. मुख्याध्यापकाने हे हसून सोसायचे असते. पुढे सी-ई-टी-ई असा एक शब्द दिसला. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालो, आयुष्यभर इंग्रजीच शिकवत आलो. तरी मला तो कोशात पाहावा लागला. बिज्जू नावाच्या प्राण्यांच्या टोळीला तो शब्द आहे. मुलाला विचारले, “बाळ, हा तुला कुठे भेटला?” तो निरागसपणे म्हणाला, “मोबाईलमध्ये. अक्षरं टाकली की सगळे शब्द येतात, सर.”

साठांपैकी अठरांचे अर्थ त्याला सांगता आले. पृथ्वी या अर्थाचा ‘अर्थ’ यादीत होता. बाकीच्यांना अर्थ नव्हता.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी फळीवरचा दिवाळी अंक नातवाच्या हाती दिला. “मास्तरांना वाचून दाखव रे.” तो ‘दिवा’पर्यंत आला आणि थबकला. पुढचा ळ त्याला ओळखू येईना. देवनागरी तो हिंदीच्या पुस्तकातून शिकलेला, आणि हिंदीत ळ नाही. वडील म्हणाले, “मराठीचं काय सर, घरात येतेच की!” आजींनी अंक परत फळीवर ठेवला.

वाचकहो, माझे भांडण इंग्रजीशी नाही. ती माझी भाकरी आहे. अक्षरांच्या खेळाशीही नाही. भांडण आहे ते शब्दांच्या मोजदादीला भाषेचे ज्ञान समजण्याच्या भाबडेपणाशी. नायजेल रिचर्ड्स नावाचा न्यूझीलंडचा एक खेळाडू आहे. अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करण्याच्या स्क्रॅबल या खेळात त्याने २०१५ साली फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते! शब्दांच्या याद्या तेवढ्या पाठ केल्या होत्या. २०२४ साली त्याने स्पॅनिशचीही जिंकली. तीही भाषा न येता. त्याच्या स्मरणशक्तीला माझा दंडवत. पण आपल्या मुलांना इंग्रजीत अर्ज लिहायचा आहे, मुलाखत द्यायची आहे. साठ शब्दांची यादी तिथे कोण विचारतो?

आणि हा खेळ घडला कसा, तेही पाहा. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला वास्तुशास्त्रज्ञ मंदीच्या काळात बेकार झाला. त्याने वर्तमानपत्राच्या पानावर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले. म्हणून स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ‘ई’च्या बारा, आणि दुर्मिळ ‘क्यू’ला दहा गुण. त्याने आपली भाषा मोजून तिला बेतशीर खेळ केला. आम्ही मात्र आयता खेळ घेतला आणि स्वतःची भाषा मोजून पाहायची राहूनच गेली.

अक्षरांचा खेळ आम्हांला काय नवा आहे? मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) ‘निरोष्ठ रामायण’ रचले. त्यात ओठाला ओठ लागणारे प, फ, ब, भ, म हे वर्ण नाहीत. म वर्ज्य म्हटल्यावर ‘राम’सुद्धा लिहिता येत नाही! रामकथा सांगायची आणि रामाचे नाव घ्यायचे नाही. खेळ अक्षरांचाच, पण कथा सुटली नाही, अर्थ सुटला नाही. यादी आणि भाषा यांतला फरक तो हाच.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून गेले, आम्ही इकडे राहिलो. त्याचे रडगाणे मी गाणार नाही. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू अनिवार्य झाली, हेही योग्यच झाले. ज्या मातीत राहायचे तिची भाषा यायलाच हवी. पण मराठीची शाळा आता घरातच आहे. तिथेही आपण इंग्रजी शब्दांचे ढीग मोजत बसलो, तर ती भरणार कुठे?

त्या दिवशी मी कागदावर तेलुगूतला ळ काढला. मुलगा लगेच म्हणाला, “हा तर येतो मला!” “मग बाळ, मराठीतला ळ हा त्याचाच भाऊ.” त्याने अंक पुन्हा मागून घेतला आणि ‘दिवाळी’ पुरे वाचले. मग मी त्याला चार अक्षरे दिली: क, र, म, ल. त्याने कलम, कमल, मकर काढले. आजींनी रकम सांगितली. मुलगा म्हणाला, “तेलुगूत रकम् म्हणजे प्रकार!” मराठीत पैसा, तेलुगूत प्रकार. साठ शब्दांच्या यादीत न मिळालेला आनंद त्या एका शब्दात मिळाला, आणि आजींनाही एक तेलुगू शब्द कळला.

तेव्हा पालकांना आणि शाळांना, माझी शाळा धरून, सांगणे एवढेच: इंग्रजी शब्द जरूर काढा, पण ज्याचे वाक्य करता येत नाही तो शब्द मोजू नका. दहाच होऊ द्यात. आणि उरलेल्या वेळात चार अक्षरे मराठीची घ्या. सोबतीला आजी असू द्या. तिच्याकडचे शब्द मोबाईलमध्ये सापडायचे नाहीत.