दोन वह्या

शासकीय लॉटरीच्या सोडतींविषयी गेल्या दोन लेखांत मी जे लिहिले, त्यावर आलेल्या टपालात या सप्ताहात एक जाड लिफाफा होता, आणि त्यातील टिपण वाचून झालेला उद्वेग अद्याप शमलेला नाही. लिहिणारे गृहस्थ एका सूतगिरणीच्या दफ्तरात उभी हयात लेखनिकी करून निवृत्त झालेले. अक्षर वळणदार, रकाने पट्टीने आखलेले, प्रत्येक पानाखाली बेरीज आणि बेरजेखाली दुहेरी रेघ. 'कल्याण' मटक्याच्या ओपनचा, म्हणजे दिवसाचा पहिला, आकडा शास्त्रशुद्ध रीतीने कसा लावावा, याची एक पद्धत त्यांनी सिद्ध केली असून या स्तंभातून तिचा प्रसार व्हावा अशी त्यांची विनंती आहे. जुगाराच्या नीतिमत्तेविषयी मी यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे. आज केवळ हिशेबाविषयी लिहितो, कारण ज्या माणसाचे आयुष्य जमाखर्चात गेले त्याने हिशेबानेच फसावे, ही गोष्ट मला अधिक दुःखद वाटते.

पद्धत अशी. चार्टात, म्हणजे पूर्वी आलेल्या आकड्यांच्या नोंदीत, जो आकडा बरेच दिवस आलेला नाही तो निवडावा. त्याचा कट, म्हणजे एकाचा सहा, दोनाचा सात, हाही आलेला नाही याची खात्री करावी. पहिल्या दिवशी 10 रुपये लावावेत आणि आकडा येईपर्यंत दररोज रक्कम सव्वापट करीत जावी. रुपयास नऊ या सर्वसाधारण दराने ज्या दिवशी आकडा लागेल त्या दिवशी, पूर्वीची सगळी तूट वजा जाऊन, त्या दिवशीच्या रकमेच्या चौपट अधिक 40 रुपये एवढी निव्वळ शिल्लक राहते. मी कागद घेऊन ताळा करून पाहिला. बेरजेत एका पैची चूक नाही.

चूक आहे ती पानाच्या शेवटी, जिथे रकाने संपतात. वीस दिवस ओळीने आकडा न येण्याचा संभव आठांत एक इतका मोठा आहे, आणि विसाव्या दिवशी वहीत 3,429 रुपये गेलेले असतात. तीस दिवस न येण्याचा संभव शंभरांत चार, आणि तोपर्यंत 32,000 रुपयांहून अधिक रक्कम गेलेली असते. आता एका गृहस्थाने रोज सरळ दहाच रुपये लावले आणि आकडा लागताच, अथवा विसावा दिवस संपताच, हात आवरला, तर अशा एका फेरीत सरासरी त्याचे नऊ रुपयांच्या आत नुकसान होते. सव्वापटीच्या शिस्तीने तीच फेरी खेळणाऱ्याचे सरासरी नुकसान 76 रुपये होते. कारण उघड आहे. लावलेल्या प्रत्येक रुपयातून दहा पैसे जातातच, मग तो रुपया शिस्तीने लावलेला असो वा लहरीने. आणि पद्धत जे काही साधते ते एवढेच, की अधिक रुपये लावले जातात. भाबडा पंटर त्यामुळे पद्धतशीर पंटरापेक्षा कमी बुडतो, आणि हे सत्य मला त्या सुबक रकान्यांपेक्षा कितीतरी भयंकर वाटते.

परंतु टिपण पाठवणाऱ्या गृहस्थांना माझे सांगणे असे आहे, की त्यांनी आपल्या वहीशेजारी खायवालाची, म्हणजे आकड्यांवरचे पैसे स्वीकारणाऱ्याची, वही ठेवून पाहावी. कारण या व्यवसायात वह्या दोनच आहेत, आणि दोन्ही वर्षानुवर्षे तितक्याच निष्ठेने लिहिल्या जातात. लगवालाच्या, म्हणजे पैसे लावणाऱ्या पंटराच्या, वहीत काल, परवा, गेल्या महिन्यात कोणते आकडे आले त्याची नोंद असते; तांबड्या शाईची वर्तुळे, कटाच्या तिरप्या रेघा, आठवड्यावार उभे रकाने. खायवालाच्या वहीत भूतकाळाला जागाच नाही. तिच्यात शून्यापासून नऊपर्यंत दहा आकडे लिहिलेले असतात आणि प्रत्येकासमोर आज त्यावर किती पैसा आला याची बेरीज असते. प्रत्येक आकड्यावर हजार रुपये आले असतील तर दहा हजार आत आले, कोणताही आकडा आला तरी नऊ हजार बाहेर गेले, आणि हजार रुपये घरात राहिले. कोणता आकडा येणार हे जाणण्याची त्याला गरजच नाही. समजा, सहावर मात्र अडीच हजार आले. सहा आला तर साडेबावीस हजार द्यावे लागतील. म्हणून तो सहाच्या वाट्याचे दीड हजार वरच्या मोठ्या खायवालाकडे उतरवतो, आणि पुन्हा निर्धास्त होतो. सहा बरेच दिवस आलेला नाही, म्हणून आज तो येईल किंवा येणार नाही, असा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. ज्यावर कमी पैसा आला तो हलका आकडा पाहून काढला जातो, हा पंटरांचा जुना संशय मी येथे बाजूस ठेवतो. सोडत पूर्णतः निष्कलंक मानली तरीही या दोन वह्यांतील अंतर तसूभर कमी होत नाही. एकजण निसर्गाचे मन ओळखू पाहतो, ज्याला मन नाही. दुसरा माणसांचे पैसे मोजतो, जे त्याच्यासमोर पडलेले आहेत.

आकड्यांत भूतकाळ साठून राहतो ही समजूत किती चिवट आहे, याचा पुरावा मटक्याच्या स्वतःच्या इतिहासात आहे. प्रथम हा सट्टा न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर चाले. 1961 साली ते भाव येणे थांबले, आणि पुढील काही वर्षांत कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या खेळांत कापसाची जागा मडक्यातल्या चिठ्ठ्यांनी आणि मग पत्त्यांनी घेतली. तीन पत्ते, त्यांची बेरीज, बेरजेचा शेवटचा अंक. कापूस गेला, पत्ते आले, तरी लगवालांनी चार्ट लिहिणे सोडले नाही.

हा दोष केवळ आपल्याकडील अल्पशिक्षितांचा, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. मेरीलँड राज्याच्या दैनिक आकड्यांच्या सोडतीवर क्लॉटफेल्टर आणि कुक या अभ्यासकांनी 1993 साली जे प्रसिद्ध केले, त्यात असे दिसते की एखादा आकडा आला की लगेच त्यावरचा पैसा झपाट्याने आटतो आणि पूर्वपदावर येण्यास काही महिने लागतात. न्यू जर्सीत बक्षिसाची रक्कम विजेत्यांत वाटली जाते. तेथे 1994 साली टेरेल यांना आढळले, की नुकताच येऊन गेलेला, म्हणून सर्वांनी टाकलेला आकडा पुन्हा आला तर प्रत्येकी अधिक पैसे मिळतात. मला हा दाखला फार मोलाचा वाटतो. जिथे काही पद्धत चालते, तिथेही ती चार्ट वाचल्याने चालत नाही, इतरांचा पैसा कुठे नाही हे ओळखल्याने चालते. म्हणजे खायवालाच्या वहीनेच चालते. आणि तीही नफा देत नाही, कारण जमलेल्या पैशातील जवळजवळ निम्मा भाग राज्य आधीच काढून घेते. आपल्याकडे रुपयास नऊ हा भाव ठरलेला, तेव्हा तेवढाही आधार नाही.

नित्याच्या वाचकांना माझे पुढचे म्हणणे परिचित आहे, तरी ते पुन्हा लिहितो. आपली वृत्तपत्रे दर सकाळी प्रत्येक राशीला एक शुभांक छापून देतात; अंकाला स्वभाव असतो, त्याची वेळ येते आणि टळते, ही श्रद्धा लहानपणापासून त्या चौकटीतून मनात झिरपते, आणि पुढे चार्टाची वही तीच श्रद्धा जोपासते. याची आकडेवारी माझ्याजवळ नाही; माझी खात्री मात्र आहे, आणि तो शुभांक बंद व्हावा असे मी संपादकांना लिहीत राहणार आहे.

कायदेकर्त्यांना तरी आकड्यांच्या खेळाचे मर्म कळले होते. 1998 च्या लॉटरी नियमन कायद्यात, एकेरी अंकावर बक्षीस देऊ नये आणि कोणत्याही लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत असू नये, अशा अटी घातलेल्या आहेत. रोजची सोडत आणि दहांतून एक आकडा या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस पद्धत शोधू लागतो, हे त्यामागे असावे. मटका 1887 च्या जुगारबंदीच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आज तो खिशातल्या मोबाईलवर पोहोचला आहे.

त्या गृहस्थांनी टिपणाच्या शेवटी विचारले आहे, की तीस दिवसांची तरतूद हाताशी असावी म्हणून पतपेढीकडून मुदत ठेवीच्या तारणावर कर्ज उचलावे काय. त्यांचे कागद मी टपालाने परत पाठवले आहेत. तिसाव्या रकान्याखाली एकतिसावा आखून त्या दिवशीची रक्कम, 8,078 रुपये, लिहिली आहे, आणि त्यापुढे बत्तिसावा रकाना कोरा ठेवला आहे. ठेव मोडू नये, तारण ठेवू नये, आणि ही वही पत्नीस व मुलास दाखवावी, असे सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे.