परवाना मागणारे तुम्ही कोण?

आमच्या शहरात अलीकडे एक नवी जमात उगवली आहे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पगार बरा, फ्लॅट बीड बायपासला आणि दिवाणखान्यात काचेचं कपाट. कपाटात परदेशातून मागवलेला करडा गेम बॉय, शेजारी खोक्यासकट मांडलेल्या कॅसेटी. या कॅसेटी कुणाच्या हातात द्यायच्या नसतात, लांबून दाखवायच्या असतात. त्यांच्यासमोर चुकून बोलून गेलात की, आमच्याकडे पण होता हो असला एक, भूलभुलैयाचा गेम, एकाच कॅसेटमध्ये चार खेळ, तर नाक मुरडलंच म्हणून समजा. ‘ते सगळं डुप्लिकेट. कचरा.’

या कचऱ्याचं वकीलपत्र मी घेतलं आहे. फी नाही, अशील कोण ते धड ठाऊक नाही, तरीही.

मारिओची कॅसेट उघडायची, आतला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवायचा आणि स्वस्तात विकायचा, ही चोरी. तिची बाजू मी घेत नाही. पण तैवानमध्ये थिन चेन एंटरप्राइज नावाची कंपनी होती. साचेन या नावाने ती ओळखली जाई, आणि गेम बॉयसाठी कॉमिन नावानेही माल काढी. तिने स्वतःचे खेळ लिहिले. त्यांतलाच एक ‘मॅजिक मेझ’. दुकानदारीच्या इतिहासात ज्याला ओळही मिळायची नाही असा एक भूलभुलैया. त्याचा प्रोग्राम कुणीतरी पगारी माणसाने बसून लिहिला, चित्रं कुणीतरी ठिपका ठिपका लावून काढली. त्या माणसांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत. यात चोरी कुठे आली? गुन्हा एकच: गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेन्डोची परवानगी घेतली नाही. विनापरवाना आणि चोरीचा यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने काचेचं कपाट ठेवावं, मतं ठेवू नयेत.

आता हा परवाना काय चीज होती ते पाहा. गेम बॉय १९८९ साली जपानात बाजारात आला. हिरवट पडदा, १६० बाय १४४ ठिपके, चार छटा, चार पेन्सिल सेल. बटण सरकवलं की वरून निन्टेन्डो कंपनीचं नाव हळूहळू खाली उतरायचं आणि ‘टिंग’ वाजायचं. आमच्या कपाटवाल्यांच्या डोळ्यांत या ‘टिंग’ने आजही पाणी येतं. प्रत्यक्षात ती जकात नाक्यावरची झडती होती. यंत्राच्या पोटात २५६ बाइटचा एक चिमुकला प्रोग्राम असतो. तो कॅसेटमधून कंपनीच्या नावाचं चित्र वाचतो, ४८ बाइटचं, आणि आपल्याजवळच्या चित्राशी ताडून बघतो. एक ठिपका चुकला तरी यंत्र तिथेच गोठतं. गंमत अशी की, ते नाव कॅसेटमध्ये घातलं नाही तर खेळ चालायचा नाही, आणि घातलं तर कंपनी म्हणणार, आमचं व्यापारचिन्ह चोरलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कंपनीनेच खणलेली.

आम्हा पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत की कधी कधी नावाऐवजी भलतीच गिचमिड उतरते आणि पुढे काही होत नाही. मग कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. कॅसेटच्या दातांवर मळ असला की ते ४८ बाइट चुकीचे वाचले जायचे, म्हणून ती गिचमिड. फुंकरीने मळ जात नव्हता. उलट तोंडातला ओलावा दातांना गंज आणायचा. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क नीट जुळायचा, एवढंच. श्रेय मात्र फुंकरीला.

साचेनच्या लोकांनी या कुलपाचं काय केलं ते ऐका, कारण सगळ्या प्रकरणातली खरी अक्कल इथे आहे. त्यांच्या लक्षात आलं की यंत्र ते चित्र दोनदा वाचतं. एकदा पडद्यावर काढायला आणि दुसऱ्यांदा ताडून पाहायला. त्यांनी कॅसेटमध्ये अशी चिप बसवली की पहिल्या खेपेला ती स्वतःची खूण पुढे करी आणि दुसऱ्या खेपेला कंपनीचं चित्र. पडद्यावर उतरे साचेनची खूण, तपासणीत पास होई निन्टेन्डोची. व्यापारचिन्ह पडद्यावर आलंच नाही, मग चोरी कसली? झडती घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच नियमाने, हसत पलीकडे जाण्याचा हा प्रकार. एवढी हुशारी त्यांच्या खेळांत उतरली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

कारण हेही सांगून टाकतो: ते खेळ बहुतांशी रद्दी होते. भिंतीला चिकटणारं पात्र, दोन सूर घोळवत राहणारं कर्कश संगीत आणि सुटका कुठे आहे याचा धड इशारा नाही. ‘ते खेळ आजच्या खेळांपेक्षा श्रेष्ठ होते’ असलं बालपणाचं लोणचं मला कुणी वाढू नये. पण रद्दी असणं हा गुन्हा असेल तर परवानाधारकांपैकी निम्मे तुरुंगात जातील. कंपनीच्या सोनेरी शिक्क्यासकट विकलेले टाकाऊ खेळ ढिगाने सापडतात. तो शिक्का दर्जाचा नव्हताच, पावतीचा होता. घरच्या टीव्हीवरच्या यंत्रासाठी अमेरिकेत निन्टेन्डोचा दंडक होता की एका प्रकाशकाने वर्षाला पाचच खेळ काढायचे आणि कॅसेटी कंपनीकडूनच घ्यायच्या. याला गुणवत्ता राखणं म्हणत असाल, तर मोंढ्यातल्या प्रत्येक अडत्याला गुणवत्तेचं पारितोषिक द्या.

अमेरिकेच्याच न्यायालयाने अशा कुलपांचं काय केलं? १९९२ साली सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की, आपला खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालावा म्हणून त्याचा प्रोग्राम उलगडून पाहणं हा रास्त वापर आहे. आणि कुलूपच असं बनवलंय की पडद्यावर कंपनीचं नाव आल्याशिवाय ते उघडत नाही, तर त्यातून होणाऱ्या गोंधळाची जबाबदारी मुख्यतः कुलूप लावणाऱ्याची. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९९ च्या दुरुस्तीने, कलम ५२ मध्ये हेच तत्त्व आलं: स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याबरोबर चालावा यासाठी लागणारी माहिती मिळवणं म्हणजे उल्लंघन नव्हे. कपाटवाल्यांना कायद्याची एवढी चाड आहे तर एकदा कायदा वाचायला काय हरकत आहे?

पण खरा मुद्दा कायद्याचा नाहीच. कंपनीने जगभर मिळून ११ कोटींहून अधिक गेम बॉय विकले. त्यांतला एकही आमच्या गल्लीत विकायला तिचा माणूस आला नाही. आमच्या शहरात या यंत्राचं अधिकृत दुकान मी तरी पाहिलं नाही. आखातातून सुट्टीला आलेल्या कुणाच्या तरी मामाच्या बॅगेतून यंत्र यायचं, आणि त्याचा खुराक गुलमंडी, शहागंज, पैठण गेटच्या फळ्यांवर शोधावा लागायचा. ओरिजनल आहे का, असं विचारणारा पोरगा दुकानदाराला वेडाच वाटला असता. ज्यांचा मामा आखातात नव्हता त्यांच्यासाठी कर्णपुऱ्याच्या यात्रेत ठोकळ्यांचा गेम होताच, अंगावर ‘९९९९ खेळ’ असं छापलेला. त्यात खेळ मोजून मूठभर. वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला. त्या दहा बाय वीस चौकटींच्या पडद्यावर आमची अख्खी पिढी हात बसवून गेली. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना रंगीत टीव्ही बनवत होता. त्या टीव्हीला जोडायची खेळाची यंत्रंही तशीच, कुठल्याही परवान्याशिवाय आलेली. म्हणजे आमच्याकडे परवानाधारक खेळ आणि विनापरवाना खेळ अशी निवड कधी नव्हतीच. विनापरवाना खेळ किंवा काहीच नाही, अशी होती. ज्याने आम्हाला गिऱ्हाईक मानलंच नाही, त्याच्या वतीने तीस वर्षांनी आम्हीच आमच्या बालपणावर छापा टाकायचा? ही कसली निष्ठा?

आणि भूलभुलैयाचं म्हणाल तर शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरी उभा आहे. त्या किल्ल्यातली ‘अंधारी’ ज्याने चालून पाहिली आहे त्याला खेळाची रचना शिकवायला परदेशी पुस्तक नको. डोंगर कोरून काढलेला बोळ, हाताला हात न दिसणारा काळोख, एका मापाच्या नसलेल्या पायऱ्या, वटवाघळांचा वास. उजेड दिसला म्हणून धावत जावं तर तिथून थेट खंदकात. वरच्या तोंडाला आग पेटवून आत धूर कोंडायची सोय. खोटी आशा, चुकीचं वळण, उतावळ्याला शिक्षा, सगळं त्या बोळात दगडात लिहिलेलं आहे. ते चार छटांच्या पडद्यावर उतरवायला आमच्यातलं कुणी पुढे आल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तैवानातल्या त्या निनावी माणसाने निदान एक भूलभुलैया लिहिला. आम्ही काय लिहिलं? ऑनलाइन विक्रेत्यांना दिलेले अभिप्राय.

राज्य सरकारने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचं, २०५० पर्यंतचं. छान. पण या राज्यातल्या पोरांनी आजवर काय खेळलं, कशावर खेळलं, याची एक फडताळभर नोंद कुठे आहे? अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात खेळण्यांबरोबर व्हिडिओ गेमही जपले जातात. आमच्या शहरात महापालिकेचं पुराणवस्तू संग्रहालय आहे, सोनेरी महालात सरकारी संग्रहालय आहे. तलवारी, नाणी, मूर्ती हव्यातच. पण गेल्या चाळीस वर्षांतलं आमचं काही वस्तू या नावाला पात्रच नाही का? तोवर जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात या कॅसेटी भंगाराच्या भावाने जातात. त्यांतल्या पुष्कळशा उघडल्या तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो. चिप त्या थेंबाखाली गाडलेली असते, काढून दुसरीकडे बसवता येत नाही. ती मेली की त्या कॅसेटमधला खेळ मेला. परवानाधारक खेळांच्या लाखो प्रती जगभर आहेत, कंपनी ते पुन्हा पुन्हा विकतेही. ‘मॅजिक मेझ’सारख्यांचं नशीब बरं, हौशी लोकांनी त्यांच्या नकला उतरवून ठेवल्या. आमच्या फळ्यांवरून गेलेल्या सगळ्याच कॅसेटींना असा वाली भेटलेला नाही.

म्हणून कपाटवाल्यांना माझं काही सांगणं नाही, त्यांनी ‘टिंग’ ऐकत सुखाने राहावं. सांगणं बाकीच्यांना आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या डब्यात एखादी बेनाव कॅसेट निघाली तर भंगारवाल्याला देऊ नका. फुंकर मारू नका. कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून दात पुसा, पाठीमागचा स्क्रू काढून आतल्या पट्टीचा स्पष्ट फोटो काढा, वरचा कागद फाटका असला तरी तसाच राहू द्या, आणि ती कुठल्या दुकानातून, साधारण कोणत्या साली, किती रुपयांना घेतली हे चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवा. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या, भाची कुणी असेल तर त्यांना आतला प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगा. त्याचं यंत्र फार महाग नसतं.