चकाकी म्हणजे जतन नव्हे : पाणबुड्यांच्या जुन्या साधनांविषयी एक थ्रेड

१/ किनाऱ्यावरील एखाद्या हॉटेलच्या दर्शनी दालनात तांब्याचे, आरशासारखे लखलखणारे पाणबुड्याचे शिरस्त्राण तुम्ही पाहिले असेल. कदाचित त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्रही काढले असेल. ते नकली असेल, तर ती निव्वळ सजावट आहे. पण ते अस्सल असेल, तर तुमच्यासमोर एक पुसून टाकलेला दस्तऐवज मांडलेला आहे. हे विधान कठोर वाटेल. म्हणून कारणे देतो.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीब याने धातूचे शिरस्त्राण आणि अंगभर बंदिस्त पोशाख अशी रचना सिद्ध केली. वर बोटीवर माणसे हातपंप फिरवत आणि नळीतून हवा खाली जाई. पुढे ‘सीब गॉर्मन’ हे नाव जगभरच्या बंदरांत या साधनांचा जणू पर्याय झाले.

३/ १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक-इव्ह कूस्तो आणि अभियंता एमील गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ घडवले. पाठीवर दाबाखालील हवेची टाकी, आणि श्वास घेताच लागेल तेवढीच हवा सोडणारा रेग्युलेटर. आरंभीच्या रेग्युलेटरला दोन जाड रबरी नळ्या असत : एक श्वास घेण्याची, दुसरी सोडण्याची. पाणबुड्या नळीच्या बंधनातून सुटला. आज तारकर्लीला आपण जे स्कूबा करतो, त्याचा हा मूळपुरुष.

४/ आता मुख्य मुद्दा. अमेरिकन नौदलाच्या प्रसिद्ध ‘मार्क फाइव्ह’ शिरस्त्राणांवर आणि अनेक ब्रिटिश शिरस्त्राणांवर कारखान्यातच कथिलाचा मुलामा दिलेला असे. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्यांना कल्हई केलेली असे. म्हणजे ती वापरात असताना राखाडी दिसत. ज्याला आपण ‘मूळचे तांबे उजळले’ म्हणतो, ते प्रत्यक्षात कल्हई खरवडून काढणे असते. आजीच्या पातेल्याची कल्हई उडाली की आपण त्यात ताक ठेवत नाही. शिरस्त्राणाची उडाली की मात्र त्याला ‘रिस्टोर्ड’ म्हणतो!

५/ दोन नळ्यांच्या रेग्युलेटरचेही तेच. त्याचा डबा पितळेचा, वर क्रोमचा मुलामा. क्रोम उतरवून आतले पितळ सोन्यासारखे चमकवायचे, ही संग्राहकांतली आवडती हौस. अशा अवस्थेत तो रेग्युलेटर कारखान्यातून कधीच बाहेर पडलेला नव्हता. इतिहासात कधी न झालेली वस्तू आपण घडवतो आणि तिला जुनी म्हणतो.

६/ याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. मुरादाबाद, रुरकी येथे शोभेची नकली शिरस्त्राणे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि जगभर विकली जातात. त्या कारागिरांविषयी माझी तक्रार नाही. शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकण्यात गैर काय? पण अस्सल आणि नकली यांत फरक कशाने कळतो? ठोकलेल्या क्रमांकांनी, डाखकामाने, झिजेने, पोचांनी, उरलेल्या कल्हईने. पॉलिश नेमके हेच खाते. आपण अस्सल वस्तू घासून तिला नकलीच्या रांगेत नेऊन बसवतो.

७/ मी हे निष्पापाच्या आसनावर बसून लिहीत नाही. माझे घर फोंडाघाटात, देवगड-निपाणी रस्त्यालगत. येथून घाट दिसतो, समुद्र नाही. आजोबा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक दोन नळ्यांचा रेग्युलेटर होता. सोबत काम करणाऱ्या एका पाणबुड्याने तो त्यांना दिला होता.

८/ सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत मी तो बाहेर काढला. चिंच, राख, पितळेची पावडर आणि शेवटी बारीक पॉलिशपेपर. दोन दिवसांत डबा समईसारखा उजळला. मी तो कौतुकाने आजोबांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिले आणि एवढेच विचारले, “अरे, नाव खंय गेला?”

९/ झाकणाच्या आत त्या पाणबुड्याने खिळ्याने आपले नाव कोरले होते आणि त्याखाली दुरुस्तीची वर्षे. मला ते ओरखडे वाटले होते. आजोबांना मित्राचे टोपणनाव तेवढे आठवत होते. पूर्ण नाव त्या धातूवरच होते. आजोबा आता नाहीत. एका माणसाच्या श्रमांची कदाचित एकमेव लेखी नोंद मी स्वतःच्या हाताने, अभिमानाने मिटवली.

१०/ “एका नावाने काय बिघडते?” असे कोणी विचारील. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजाचे नाव आपल्याला पाठ आहे, त्यातल्या सोन्याच्या विटांच्या कथाही पाठ आहेत. पण गढूळ पाण्यात उतरून गोदीतली कामे करणाऱ्या पाणबुड्यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? कोकणातल्या किती घरांतला एक चाकरमानी गोदीत होता! त्यांचा इतिहास दप्तरांत कमी आणि ट्रंकांत जास्त आहे.

११/ कायदा येथे तोकडा पडतो. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार वस्तू सामान्यतः किमान शंभर वर्षे जुनी असेल तरच ‘पुरावशेष’ ठरते. १९४३ नंतर जन्मलेले स्कूबाचे एकही साधन या व्याख्येत आज बसत नाही. ते भंगारात घाला, घासा, दिवा करून टांगा. विचारणारे कोणी नाही.

१२/ आणि विसंगती पाहा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफजवळ बुडालेल्या सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. त्यात हत्तीचे दात मिळाले, पाणघोड्याचे दात मिळाले, मातीची भांडी मिळाली. त्यांतला प्रत्येक तुकडा नोंदवला जातो, तसाच जपला जातो. इकडे निवतीजवळ निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला. समुद्राच्या तळाशी संग्रहालय हवे. मग तळाशी उतरणाऱ्या माणसांच्या साधनांसाठी जमिनीवर एक कपाट का नको?

१३/ आता आक्षेप.
“नौदलात पितळ रोज घासत असत.” खरे आहे. ती झीज म्हणजे वापराचा पुरावा. आपले पॉलिश त्या पुराव्यावर फिरवलेला बोळा.
“गंज ठेवायचा का?” नाही. हिरवट, भुकटीसारखा सुटणारा गंज धातू खातो. तो थांबवलाच पाहिजे. काळसर, घट्ट बसलेला थर मात्र धातूचे रक्षण करतो. त्याला हात लावू नये.
“वस्तू माझी, मर्जी माझी.” वस्तू तुमची, मान्य. साक्ष एकट्या तुमची नाही.

१४/ एक भेद मात्र न्यायाने केला पाहिजे. जुना रेग्युलेटर पुन्हा पाण्यात उतरवण्यासाठी जे दुरुस्त करतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांना पडदा, झडपा, रबरी नळ्या बदलाव्याच लागतात. कुजलेल्या रबरावर कोणी जीव टांगू नये. यंत्र पुन्हा श्वास घेऊ लागते तेव्हा ज्ञान जिवंत राहते. माझे भांडण दुरुस्तीशी नाही, झळाळीशी आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे तत्त्व वास्तूंसाठी आहे, पण येथेही लागू पडते : जेथे केवळ तर्क सुरू होतो, तेथे पुनर्स्थापनेने थांबावे.

१५/ मग करावे काय?
• हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी, आतूनही, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्या. ओरखडे तिरप्या उजेडातच वाचता येतात.
• क्रमांक, शिक्के, कोरीव अक्षरे वहीत उतरवा.
• गोडे पाणी आणि मऊ ब्रश. चिंच, लिंबू, राख, पॉलिशपेपर वर्ज्य.
• रबराला खनिज तेल लावू नका. ते फुगते व सडते.
• काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठीसह पिशवीत जपा.
• जुनी टाकी परस्पर भरू नका. दाबचाचणीविना ती बॉम्ब आहे.
• आणि सर्वांत आधी, ज्यांनी ती वस्तू वापरली त्यांच्याशी बोला. नाव पूर्ण लिहून घ्या.

१६/ मालवण, देवगड, वेंगुर्ले येथे स्कूबाची पहिली पिढी आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यांचे पहिले मास्क, पहिले रेग्युलेटर आत्ताच अडगळीत जाऊ लागले असतील. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक ते शोधत येईल. त्याला चकचकीत पितळ मिळावे की वाचता येणारे नाव, हे आपण ठरवायचे आहे.

१७/ तो रेग्युलेटर आजही माझ्या टेबलावर आहे. पावसाळ्यात फोंडाघाटच्या दमट हवेने त्याच्यावर पुन्हा काळसर छटा चढू लागली आहे. मी ती पुसत नाही. पण तिच्याखाली आता वाचण्यासारखे काही उरलेले नाही.