तिकीट एक, विमाने दोन!

खास प्रतिनिधी, मुंबई

बिझनेस क्लासचे तिकीट काढताना आपण नेमके काय विकत घेत आहोत, याचे उत्तर लांब पल्ल्याच्या प्रवाशाला अनेकदा विमानात पाऊल टाकल्यावरच मिळते. कंपनी तीच, श्रेणी तीच, प्रवासाचे तासही जवळपास तेवढेच; पण एका विमानात दार ओढून घेता येईल असा स्वतंत्र कक्ष मिळतो, तर दुसऱ्यात शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर पडावे लागते. एअर इंडियाच्या ताफ्यात २०२४ पासून एअरबस ए-३५० विमाने आल्यानंतर ही दरी ठळकपणे समोर आली. तिला केवळ श्रीमंत प्रवाशांच्या सुखसोयींची तक्रार समजणे चुकीचे ठरेल. भारतातून युरोप-अमेरिकेला जाणारा प्रवासी दुबई किंवा दोहामार्गे जाणार की भारतीय कंपनीच्या विमानाने थेट, या प्रश्नाचे उत्तर या काही डझन आसनांशी थेट जोडलेले आहे.

नव्या विमानात काय आहे?

टाटा समूहाने १८ हजार कोटी रुपयांची बोली लावून एअर इंडिया मिळवली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनीचा ताबा घेतला. त्यानंतर सुमारे वर्षभराने, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ४७० विमानांच्या खरेदीची घोषणा झाली. त्यांपैकी २५० एअरबसची आणि २२० बोईंगची. एवढी मोठी मागणी नोंदवली तरी कारखान्यासमोरची रांग काही चुकत नाही. त्यामुळे मुळात रशियाच्या एअरोफ्लोटसाठी बांधली गेलेली आणि युक्रेन युद्धानंतरच्या निर्बंधांमुळे अडकून पडलेली ए-३५०-९०० विमाने एअर इंडियाने आधी उचलली. त्यातील पहिले डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत उतरले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी बंगळुरू-मुंबई मार्गावर त्याची व्यावसायिक सेवा सुरू झाली.

या विमानात एकूण ३१६ आसने आहेत. बिझनेस क्लासची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची २६४. बिझनेस क्लासची रचना एक-दोन-एक अशी असल्याने प्रत्येक प्रवाशाला थेट मार्गिकेत उतरता येते. आसन पूर्ण आडवे होऊन त्याचा पलंग होतो आणि कक्षाला सरकते दार आहे. दिसायला लहान वाटणाऱ्या या गोष्टींचे मोल चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात कळते.

फरक केवळ आसनापुरता नाही. ए-३५० आणि बोईंग ७८७ या विमानांच्या बांधणीत धातूऐवजी संमिश्र द्रव्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. त्यामुळे आतील हवेचा दाब सुमारे सहा हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखता येतो. जुन्या धातूच्या विमानांत तो आठ हजार फुटांच्या आसपासचा असतो. आतील हवेत ओलावाही थोडा अधिक ठेवता येतो. प्रवास संपल्यावर येणारा थकवा, कोरडा पडलेला घसा आणि डोकेदुखी यांचा संबंध या आकड्यांशी आहे. हा लाभ मात्र इकॉनॉमीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत सारखाच पोहोचतो, हे विसरता कामा नये.

जुने विमान, जुने हिशेब

आता दुसरी बाजू पाहू. एअर इंडियाच्या जुन्या ताफ्यातील बोईंग ७७७-३००ईआर विमानांत बिझनेस क्लासची ३५ आसने दोन-तीन-दोन अशा रचनेत बसवलेली होती. म्हणजे मधल्या तिघांतील एकाला कोणत्याही बाजूने उठायचे झाले तरी दुसऱ्याला उठवणे भाग. २०१२ पासून दाखल झालेल्या ७८७-८ ड्रीमलायनरमध्ये १८ आसने, तीही दोन-दोन-दोन अशी. आसने आडवी होत, याबद्दल वाद नाही. पण ज्या काळात ती निवडली गेली, त्या काळातही जग पुढे चालले होते. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवा होणारा पलंग २००० सालीच आणला होता. कतार एअरवेजने २०१७ मध्ये दार असलेला कक्ष आणला आणि स्पर्धेची पातळी आणखी उंचावली. सरकारी मालकीच्या अखेरच्या वर्षांत तोट्यात बुडालेल्या एअर इंडियाला आसनाचे सुटे भाग बदलणेही जड जात होते. न सरकणारी पाठ आणि न लागणारा पडदा या तक्रारी त्या काळातून आलेल्या आहेत.

यावर उपाय म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ४० कोटी डॉलर खर्चून जुन्या रुंद विमानांचे अंतरंग बदलण्याचे जाहीर केले. कामाला २०२४ च्या मध्यास सुरुवात व्हायची होती. प्रत्यक्षात पहिले ७८७-८ विमान कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे रवाना झाले ते जुलै २०२५ मध्ये. नव्या रचनेत या विमानांत बिझनेस क्लासची २०, प्रीमियम इकॉनॉमीची २५ आणि इकॉनॉमीची २०५ आसने असतील, असे ठरले. ७८७-८ चे काम २०२७ च्या मध्यापर्यंत आणि ७७७ चे काम २०२८ पर्यंत लांबेल, असे कंपनीनेच २०२५ मध्ये सांगितले. याचा सरळ अर्थ असा की, टाटांनी ताबा घेतल्यानंतरची पाच-सहा वर्षे जुने आणि नवे ही दोन्ही विमाने एकाच नावाखाली उडत राहणार.

दरम्यान १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले ७८७-८ विमान कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा त्यात मृत्यू झाला. त्या दुर्घटनेपुढे आसनांची चर्चा क्षुल्लक आहे. तरीही त्यानंतर वाढलेल्या तपासण्यांमुळे रुंद विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणे काही काळ १५ टक्क्यांनी कमी करावी लागली, आणि आधीच अपुरा असलेला ताफा आणखी ताणला गेला, याची नोंद घ्यावीच लागते.

मुंबईच्या वाट्याला काय?

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला झेपावले. १९७१ मध्ये पहिले जम्बो जेट आले तेही मुंबईत. पुढे कंपनीचे मुख्यालय दिल्लीला गेले. नरिमन पॉइंटवरील इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये केला. ए-३५० च्या बाबतीतही हाच कल कायम राहिला. ही विमाने १ सप्टेंबर २०२४ पासून दिल्ली-लंडन, १ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-न्यूयॉर्क आणि २ जानेवारी २०२५ पासून दिल्ली-नेवार्क या मार्गांवर धावू लागली.

मुंबईच्या प्रवाशाला आधार मिळाला तो दोन ठिकाणांहून. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सॅन फ्रान्सिस्को आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-न्यूयॉर्क सेवेसाठी कंपनीने डेल्टा या अमेरिकी कंपनीने वापरलेली ७७७-२००एलआर विमाने भाड्याने घेतली. त्यांत दार असलेले कक्ष होते; म्हणजे जुन्या विमानात नवे आसन! दुसरा आधार होता १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झालेल्या विस्ताराच्या ७८७-९ विमानांचा. त्यांतही प्रत्येक आसनाला थेट मार्गिका होती. तरी कोणत्या दिवशी कोणते विमान येईल, याची खात्री प्रवाशाला नव्हतीच.

इंडिगोनेही या क्षेत्रात उडी घेतली आहे. जुलै २०२५ मध्ये या कंपनीने मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅमला थेट सेवा सुरू केली. त्यासाठी नॉर्स अटलांटिक कंपनीची ७८७-९ विमाने भाड्याने घेतली. इंडिगोने स्वतःसाठी नोंदवलेल्या ए-३५० ची संख्या ६० वर गेली आहे. ती विमाने येतील तेव्हा मुंबईकराला निवड मिळेल.

आसनांचा दुष्काळ

विमान तयार आणि आसन नाही, ही स्थिती ऐकायला विचित्र वाटते. पण ती जगभर आहे. बिझनेस क्लासचे आसन ही साधी खुर्ची राहिलेली नाही. तिच्यात मोटारी आहेत, पडदा आहे, वायरिंग आहे आणि आता दारही आहे. अपघाताच्या धक्क्यात ती टिकते का, प्रवाशाचे डोके कशावर आपटते, आणीबाणीत दार अडकले तर सुटका कशी होणार, या साऱ्यांच्या चाचण्या होऊन नियामकाची मंजुरी मिळावी लागते. असे आसन बनवणारे उत्पादक जगात मोजकेच आहेत.

लुफ्तान्झासारख्या मातब्बर कंपनीलाही याचा फटका बसला. तिची नवी ७८७-९ विमाने आसनांच्या मंजुरीअभावी रखडली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती सेवेत आली तेव्हा बिझनेस क्लासच्या २८ पैकी अवघी चार आसनेच प्रवाशांना देता येत होती. एअर इंडियाने विलंबासाठी पुरवठादारांकडे बोट दाखवले ते सर्वस्वी निराधार नाही. मात्र विलंब माहीत असताना जाहिरातीत केवळ नवे विमानच दाखवायचे, याचे समर्थन त्यातून होत नाही.

इतका आटापिटा कशासाठी?

ए-३५० मध्ये बिझनेस क्लासची आसने एकूण संख्येच्या नऊ टक्के आहेत. लांब पल्ल्याच्या मार्गाचा नफा-तोटा मात्र बहुतांशी याच पुढच्या भागावर ठरतो. इकॉनॉमीचे भाडे स्पर्धेमुळे तळाशी राहते. इंधन, चालकदल आणि विमानतळ शुल्काचा भार पुढचा भाग उचलतो. तो भरला नाही तर थेट उड्डाणच बंद होते आणि मागच्या भागातील प्रवाशालाही दुबईत विमान बदलावे लागते.

आखाती कंपन्यांची ताकद येथेच आहे. भारत आणि दुबई यांच्यातील करारानुसार दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मुभा आहे. त्यातील मोठा हिस्सा पुढे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचा असतो. त्यात २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली, अमेरिकेहून येणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. परदेशी कंपन्यांना ही अडचण नाही. जे विमान 'थेट' म्हणून विकले जाते तेच मध्ये थांबू लागले, तर भारतीय कंपनीजवळ सांगण्यासारखे उरते ते आसन आणि सेवा.

करांचाही विचार करावा लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवगळता वरच्या श्रेणींवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीवर तो पाचच टक्के आहे. कंपनीच्या खर्चाने जाणाऱ्याला या कराची वजावट मिळू शकते. आई-वडिलांना अमेरिकेतील मुलाकडे सुखाने पाठवावे म्हणून साठवलेले पैसे खर्चणाऱ्या कुटुंबाला ती मिळत नाही. वाढलेला कर त्याच्याच खिशातून जातो.

नियमांतील फट

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू केलेल्या नियमानुसार, प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या श्रेणीत बसवल्यास भरपाई द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के, ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. युरोपीय संघाच्या नियमातील टक्केवारीही हीच आहे.

हा नियम स्वागतार्ह आहे. पण तो श्रेणी बदलली तरच लागू होतो. श्रेणी तीच ठेवून विमान बदलले, कक्षाऐवजी मधले आसन मिळाले किंवा पाठ आडवीच होईना, तर नियम मौन बाळगतो. विमान बदलण्याचा अधिकार कंपन्या तिकिटाच्या अटींत स्वतःकडे राखून ठेवतात. मग उरतो तो ग्राहक आयोगाचा मार्ग. २०२४ मध्ये हैदराबाद परिसरातील जिल्हा आयोगाने बिझनेस क्लासमधील आसनाची स्वयंचलित पाठ चालत नसल्याबद्दल सिंगापूर एअरलाइन्सला एका दांपत्यास भरपाई देण्याचा आदेश दिला. तक्रारदार वरिष्ठ पोलिस अधिकारी होते. आसन हा सेवेचा गाभा आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मात्र काही तासांच्या गैरसोयीसाठी महिनोन्‌महिने आयोगाच्या पायऱ्या झिजवण्याची चिकाटी सर्वसामान्य प्रवाशाजवळ असतेच असे नाही.

त्यामुळे उपाय नियमांतच शोधावा लागेल. तिकीट विकताना विमानाचा प्रकार आणि आसनरचना ठळकपणे सांगणे बंधनकारक करावे. विमान बदलून आसनाचा दर्जा खालावला, तर प्रवाशाला दंडाविना पैसे परत घेण्याचा किंवा तारीख बदलण्याचा हक्क द्यावा. आसन नादुरुस्त असेल, तर भरपाईची किमान रक्कम ठरवून द्यावी. यातील एकही गोष्ट कंपनीला बुडवणारी नाही. उलट, जुन्या विमानाचे भाडे जुन्या विमानाइतके ठेवण्याची शिस्त त्यातून येईल.

नवी विमाने येतील, जुनी बदलतील. आज ना उद्या हा प्रश्न एका कंपनीपुरता सुटेलही. पण आसने जितक्या वेगाने बदलत आहेत ते पाहता आजचा नवा कक्ष दहा वर्षांनी जुना ठरणारच, आणि तेव्हाही दोन पिढ्यांची विमाने एकाच तिकिटावर उडत असतील. प्रवाशाने काय विकत घेतले हे त्याला पैसे भरण्यापूर्वी कळले पाहिजे, एवढा साधा नियम तोवर तरी व्हायला हवा.