नळी घरी येते, सिस्टर येत नाही

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांचा तक्ता चोख असतो. सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, सगळं. त्याखाली, सहीच्या जरा वर, एक ओळ खरडलेली असते: ‘कॅथेटर केअर ॲट होम’. खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी, अर्धांगाचा झटका आलेले काका, प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेले आजोबा ही ओळ आणि लघवीची पिशवी घेऊन घरी येतात. केअर करायची कुणी, हे घरात न बोलताच ठरतं. बायको, सून, नाहीतर लेक. कशी करायची, हे मात्र तिला कुणी दाखवलेलं नसतं. नळीसकट पेशंट घरी पाठवायचा असेल, तर त्या घरी नर्स गेलीच पाहिजे, आणि तिचा खर्च एकट्या कुटुंबावर पडता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेकांना घातलेली नळी फोली कॅथेटर असते. ती मूत्राशयात गेली की टोकाचा फुगा साधारण 10 मिली निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणून ती निसटत नाही. आत फुगा आहे हेच कित्येक घरांत ठाऊक नसतं. रात्री भ्रमात असलेले आजोबा नळीला हिसका देतात, फुगलेला फुगा मूत्रमार्गाला इजा करत बाहेर येतो आणि चादर रक्ताने माखते. नळी जरा सैल ठेवून मांडीला पट्टीने चिकटवली, तर बराचसा ताण त्या पट्टीवर जातो. शिकवायला पाच मिनिटं पुरतात.

पिशवीचंही तसंच. ती मूत्राशयापेक्षा खाली हवी. खाटेच्या दांड्याला अडकवावी, फरशीवर ठेवू नये. व्हीलचेअरवरून बाथरूमला नेताना घरची माणसं पिशवी उचलून पेशंटच्या मांडीवर ठेवतात. त्यात निष्काळजीपणा नसतो, उलट ती चाकात अडकू नये ही काळजी असते. पण त्या मिनिटभरात जुनी लघवी उलटी आत जाते. पिशवी दोन तृतीयांश भरली की खालच्या तोटीतून रिकामी करायची, आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. नळीभोवतीची जागा रोज साध्या साबण-पाण्याने धुवायची. जंतुनाशक ओतायची गरज नाही. बाईला पुढून मागे पुसायचं. पुरुषाची पुढची त्वचा मागे सारून धुतली, तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणायची. तशीच राहिली तर सुजून आवळते आणि धावपळ होते.

लघवी गढूळ दिसली की तपासणी, तपासणीत जंतू आले की अँटिबायोटिक, ही साखळी मला फार खटकते. महिनाभर नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप, थंडी, कमरेत दुखणं, अचानक वाढलेला गोंधळ असं काही असेल तर उपचार हवेतच. नुसत्या रिपोर्टवर दिलेलं औषध पुढच्या खऱ्या संसर्गाला लागू पडेनासं होतं. तीन-चार तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगलंय, ही मात्र सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नव्हे. नळीच्या बाजूने लघवी गळत असेल तर आधी नळीला कुठे पीळ पडलाय का, पोट साफ होतंय का, हे बघावं. जाडी नळी घालणं हा त्यावरचा उपाय नाही.

आणि मुळात नुसते कपडे ओले होतात म्हणून नळी घालू नये. लघवी न आवरणं हे लक्षण आहे. त्यामागे बद्धकोष्ठ असतो, वाढलेली साखर असते, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असते. दर दोन-तीन तासांनी आठवणीने कमोड खुर्चीवर बसवलं तरी कितीतरी डायपर वाचतात. बायका तर वर्षानुवर्षं सांगतच नाहीत. पाणी कमी पितात, एसटीचा प्रवास टाळतात, लग्नाला जात नाहीत. बाळंतपणानंतर सैलावलेले स्नायू व्यायामाने बळकट होतात, हे त्यांना साठीत नव्हे, तिशीत सांगायला हवं.

शहरात ब्युरोतून मावशी मिळते. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं ती मायेने करते, तिच्याशिवाय अनेक घरं कोलमडतील. पण नळी बदलणं हे तिचं काम नाही. त्यासाठी शिकलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली नर्स हवी, आणि ती नोंद विचारण्यात संकोच नको. खेड्यात मावशीही नाही आणि सिस्टरही नाही. नळी बदलायला आजोबांना गाडी करून तालुक्याला न्यावं लागतं.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळू लागलं. चांगलं झालं. पण ते खाटेवर दाखल झाल्यावर कामाला येतं, घरी येणाऱ्या नर्सचे पैसे त्यातून निघत नाहीत. केरळने 2008 मध्ये वेदनाशमन सेवेचं धोरण आणलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. तिथे नर्स घरोघर जाते, नळी बदलते, जखम बघते, घरच्यांना शिकवते. आपल्याकडे उपकेंद्रातल्या सिस्टर गरोदर बाई आणि लसीकरण यांसाठी वस्तीवर जातातच. त्यांच्यावर आणखी ओझं न टाकता, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे गृहभेटीसाठी एक वेगळी नर्स नेमावी आणि गावात नळी असलेल्यांची यादी तिच्या हाती द्यावी, एवढी माझी मागणी आहे.

ते होईपर्यंत डिस्चार्जच्या दिवशी सही करण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या. नळी का घातली आणि कधी काढायची, हे कार्डावर लिहून. ती कशाची आहे आणि कोणत्या तारखेला बदलायची, हेही. कारण साधी लॅटेक्सची काही आठवडेच चालते, तर पूर्ण सिलिकॉनची साधारण 12 आठवड्यांपर्यंत. आणि वॉर्डातल्या सिस्टरसमोर पिशवी एकदा स्वतःच्या हाताने रिकामी करून बघा. घरात मुलगा असेल तर त्यालाही करायला लावा.