यात्रेची वाट आणि ‘पाच मिनिटांचे’ वाहन

मकरसंक्रमणाचा पर्वकाळ समीप आला की सोलापूरकरांस ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे वेध लागतात. घरोघरी तिळगुळाची सिद्धता सुरू होते, पांढरीशुभ्र बाराबंदी पेटीतून बाहेर निघते, आणि होम मैदानावर गड्ड्याची लगबग दिसू लागते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र येथील भाविकांची पावले या नगरीकडे वळतात. आणि दरवर्षी याच दिवसांत एक अगदी ऐहिक प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. यात्रेसाठी ज्या रस्त्यांवर वाहनांस मज्जाव केला जातो, तेथे निदान थोडा वेळ तरी वाहन उभे करू द्यावे की नाही? सणाच्या पानावर या विषयाची चर्चा काहींस अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. देवाच्या वाटेवर आपण कसे वागतो, हाही भक्तीचाच प्रश्न आहे.

सवलत मागणाऱ्यांची बाजू प्रथम पाहू. कारण ती निराधार नाही. ऐंशी वर्षांच्या आजींची वर्षातून एकदा संमती कट्ट्याजवळ उभे राहून अक्षता टाकण्याची इच्छा असते. त्यांना अर्धा कोस चालत नेणे घरच्या मंडळींना शक्य होत नाही. ज्याचे पाय अधू आहेत, ज्याला चाकाच्या खुर्चीचा आधार आहे, त्याची अडचण याहून मोठी. शिवाय संक्रांत हा बाजारहाटाचाही सण. सुगडी, बोरे, ऊस, हळद-कुंकू, वाणाच्या वस्तू यांची खरेदी याच दोन-चार दिवसांत होते आणि किरकोळ दुकानदाराची वर्षाची बेगमी त्यावर अवलंबून असते. माल उतरवण्यापुरतीही गाडी दारापर्यंत येऊ दिली नाही, तर त्याने काय करावे? “पाच मिनिटे तर उभे राहायचे आहे, त्यात कोणाचे काय बिघडते?” हा सर्वांच्या तोंडचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दंडाची पावती फाडून देता येणार नाही. ते विचारानेच दिले पाहिजे.

त्या पाच मिनिटांचा हिशेब मात्र मांडून पाहावा. एका गृहस्थाची पाच मिनिटे ती पाचच. परंतु त्याची गाडी निघताच त्याच जागी दुसरा येतो. त्याचीही पाचच मिनिटे असतात. मग तिसरा, चौथा. बारा सज्जनांची पाच-पाच मिनिटे मिळून पूर्ण तास भरतो आणि ती जागा त्या तासात एक क्षणही मोकळी राहत नाही. यांपैकी एकानेही अन्याय केला असे त्याच्या मनाला वाटत नाही. तरीही रस्ता दिवसभर अडलेला असतो. त्यातच ओसरी मिळाली की हातपाय पसरण्याचा मनुष्यस्वभाव आड येतो. पाचाची पंधरा होतात, पंधराचा अर्धा तास होतो. बैलगाडीच्या काळी वसलेल्या आपल्या जुन्या पेठांत तर एक मोटार उभी राहिली की समोरून येणाऱ्या रिक्षेस अंग चोरून जाण्यापुरतीही जागा उरत नाही.

आता यात्रेच्या वाटेचा विचार करू. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून निघणारे सात नंदीध्वज माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असा मार्ग क्रमत मंदिराकडे जातात. १३ जानेवारीस अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाची, म्हणजे यण्णीमज्जनाची प्रदक्षिणा. १४ जानेवारीस अक्षता सोहळा. १५ जानेवारीस होमप्रदीपन आणि १६ जानेवारीस शोभेचे दारूकाम, असा हा क्रम. सुमारे तीस फूट उंचीचा नंदीध्वज आडवा करून नेता येत नाही. तो उभाच तोलत न्यावा लागतो. तो पेलणाऱ्याची दृष्टी वर लागलेली असते आणि पावले अंदाजाने पडत असतात. अशा वेळी वाटेच्या कडेला कोणी ‘क्षणभर’ लावून गेलेली दुचाकीही त्या पावलांखालचा खड्डाच ठरते. नंदीध्वजामागे लोटलेल्या जनसमुदायाला बाजूला सरायचे झाले तर तोच एक हात रुंद पट्टा उपयोगी पडतो, आणि तोच अडलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट आहे ती संकटकाळाची. लाखो माणसे एका मैदानाभोवती जमतात, तेथे कोणास भोवळ येते, कोणाच्या छातीत दुखते, कोठे दुकानाच्या कनातीस ठिणगी लागते. रुग्णवाहिका किंवा अग्निशामक बंब आत शिरायचा तो याच बंद ठेवलेल्या रस्त्यांनी. रस्ता बंद ठेवण्याचे खरे प्रयोजन तेच. रिकामा दिसणारा तो रस्ता रिकामा नसतो; ज्या अभाग्यावर उद्या प्रसंग ओढवणार आहे, त्याच्यासाठी तो राखून ठेवलेला असतो. मालक दर्शनाच्या रांगेत आणि कुलूपबंद मोटार रुग्णवाहिकेच्या वाटेत, असा प्रसंग आला तर त्या पाच मिनिटांची किंमत कोण आणि कशी मोजणार?

मग सवलत मुळीच नको, असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे, आणि तो कायद्यानेही केलेला आहे. रस्त्यावरील दोन फलक आपण नित्य पाहतो, परंतु त्यांतील अंतर फार थोड्यांस ठाऊक असते. निळ्या वर्तुळाला लाल कड आणि त्यावर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर तेथे वाहन उभे करून ठेवण्यास मनाई आहे. एकमेकींस छेदणाऱ्या दोन लाल रेघा असतील, तर तेथे थांबण्यासच मनाई आहे. म्हणजे ‘थांबणे’ आणि ‘वाहन ठेवून जाणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमाने तर, वाहने अमर्याद काळ किंवा ठरावीक मुदतीपुरती कोठे उभी राहावीत हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवण्याचा अधिकार शासनास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांस दिला आहे. अल्पमुदतीची सवलत ही त्यामुळे कोणाच्या मेहेरबानीची बाब नाही. योग्य जागी ती देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

इतरत्रही हाच अनुभव आला आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास, ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने रोम नगरीत दिवसाच्या बहुतेक वेळी गाड्यांना बंदी केली होती. पण देवालयाच्या बांधकामाचे साहित्य आणि सार्वजनिक यज्ञविधींच्या दिवशी पुरोहितांची वाहने यांना तीतून मोकळीक होती. बंदी सर्वांना, अपवाद कारणापुरता, असे ते सूत्र होते. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १९३५ साली पहिले पार्किंग मीटर बसले. तेथे पेठेत कामाला येणारी मंडळी सकाळी मोटार उभी करीत ती सायंकाळीच हलवीत, आणि गिऱ्हाइकास जागा मिळत नसे. त्यावरचा तो उपाय होता. पॅरिसने १९५७ साली ‘निळा विभाग’ योजला. तेथे वाहन लावल्याची वेळ दाखवणारी चकती चालकाने काचेआड ठेवायची आणि मुदत संपताच निघून जायचे. या दोन्ही ठिकाणी मुदत घातली गेली ती सर्वांना पाळी मिळावी म्हणून. वीस वाहनांच्या जागेत प्रत्येकजण दिवसभर ठाण मांडून बसला तर वीस जणांचीच सोय होते. प्रत्येकाने दहाच मिनिटे घेतली तर तासाभरात एकशेवीस जणांची होते.

हे सर्व ध्यानी घेऊन आमचे मत असे आहे की, यात्राकाळापुरते रस्त्यांचे तीन प्रकार करावेत. नंदीध्वजांचा मार्ग, मंदिराची प्रवेशद्वारे आणि रुग्णवाहिका व बंब यांची वाट येथे ठरलेल्या वेळात कोणासही एक मिनिटही थांबू देऊ नये. या नियमास माणुसकीच्या नावानेही फाटा फोडू नये, कारण तो नियमच माणुसकीसाठी आहे. दुसरा प्रकार बंद रस्त्यांच्या तोंडाशी असलेल्या जागांचा. तेथे वृद्ध, दिव्यांग, गरोदर स्त्रिया आणि लेकुरवाळ्या माता यांना उतरवून घेण्यासाठी थांबे आखून द्यावेत. मात्र चालकाने जागा सोडू नये आणि माणसे उतरताच वाहन हलवावे. या थांब्यापासून पुढे चाकाच्या खुर्च्यांची व स्वयंसेवकांची सोय हवी. नाहीतर आजींना उतरवून घेणारा मुलगा गाडी सोडून त्यांच्यासोबत जाणार, हे उघड आहे. सार्वजनिक स्थळे दिव्यांगांना सुगम करण्याचे दायित्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकलेलेच आहे. तिसरा प्रकार बाजारपेठेच्या रस्त्यांचा. तेथे माल उतरवण्यास पहाटेची वेळ नेमून द्यावी आणि दिवसा गिऱ्हाइकांच्या वाहनांस, जागा असेल तेथेच, थोडक्या मिनिटांची मुदत द्यावी. ही मुदत मोठ्या अक्षरांत मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांत लिहिलेली असावी. परगावच्या यात्रेकरूस न कळणाऱ्या नियमासाठी दंड करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नियम लोकांच्या मनातून उतरतो तो त्याच्या कठोरपणामुळे नव्हे, पक्षपातामुळे. सामान्य भाविकाची दुचाकी उचलून न्यायची आणि ओळखीच्या किंवा मानाच्या माणसाची मोटार थेट दारापर्यंत सोडायची, हे जेथे दिसते तेथे दुसऱ्या दिवशी शंभर लोक नियम मोडतात आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही. मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. तो दिवा मनातूनही उतरायला हवा. देवाच्या दारी मान आहे तो परंपरेने सेवा करणाऱ्यांचा. मोटारीचा मान तेथे कोणी सांगितलेला नाही.

शासनाने आणि महापालिकेने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपण काय करावे, हेही आम्ही आमच्या वाचक-कुटुंबांस विनवू इच्छितो. निघण्यापूर्वी घरातल्या मंडळींनी दोन मिनिटे बसून ठरवावे: कोणास थांब्यावर उतरवायचे, कोणी त्यांचा हात धरायचा आणि गाडी दूरच्या वाहनतळावर कोणी न्यायची. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी पायीच जावे. आपल्या पंढरीच्या वाटेवर शेकडो मैल चालणाऱ्यांचा हा जिल्हा. अर्ध्या कोसाची पायपीट येथे कोणास जड वाटू नये. ज्यांची घरे यात्रामार्गावर आहेत त्यांनी आपली वाहने आदल्या रात्रीच हलवावीत. दाराशी रांगोळी काढण्याइतकेच ते पुण्याचे काम आहे.

बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी या सोन्नलगीत लोकांकडून तलाव खोदवून घेतला. ते कर्मयोगी होते. त्यांची भक्ती लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या कामातून प्रकटली. तलावाचा घाट कोणा एकाचा नसतो. प्रत्येकाने आपली घागर भरावी आणि मागच्यास वाट द्यावी, ही घाटाची रीत. घागर घाटावर ठेवून गप्पांस बसणाऱ्यास कोणी अपराधी म्हणत नाही. पण मागे तहानलेली रांग ताटकळत असते. रस्ताही तसाच सर्वांचा घाट आहे. ज्याला खरी गरज आहे त्याला त्यावर क्षणभर टेकू द्यावे आणि ज्याची गरज भागली त्याने आपण होऊन उठावे. यंदाच्या यात्रेत अक्षता उधळताना एखादी रुग्णवाहिका विनाअडथळा निघून गेली आणि एखाद्या आजींना संमती कट्टा डोळे भरून पाहता आला, तर श्रींच्या चरणी आपली खरी सेवा रुजू झाली असे आम्ही समजू.